डाव्या पंखावरचे चौकोनी ठिगळ

प्रिय ठमे,

लिहून देणाराचे नाव तेच, जे तुझ्या नावापुढे लागते. वय वर्षे शहात्तर. शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण. व्यवसाय विमानाचे पत्रेकाम. हल्ली तुझ्याच संग्रहालयाच्या हँगरात विनावेतन कारागीर. घरी तू माझी कन्या असलीस तरी येथे माझी अधिकारी आहेस, म्हणून हे रीतसर लिहीत आहे.

डाव्या पंखावरील निकृष्ट ठिगळ काढून नवा पत्रा बसवावा, शनिवारी उद्घाटनाला पंख आरशासारखा दिसावा, हा तुझा लेखी हुकूम काल मिळाला. मी तो दोनदा वाचला. मी तो पाळणार नाही. सकाळपासून त्याच पंखाखाली खुर्ची टाकून बसलो आहे. रंगारी फवाऱ्याचे यंत्र घेऊन आला, त्यास आधी मला रंगव म्हणून सांगितले. तुझ्या आईने डब्यात चिठ्ठी घातली आहे की बापलेकींनी आपसात काय ते मिटवावे, तिला मध्ये ओढू नये.

आजवर तुझा शब्द मी मोडलेला नाही. विमानाच्या पोटावरचे पोचे काढ म्हणालीस, काढले. इंजिनाच्या धुराच्या नळकांड्याभोवतीची काजळी पूस म्हणालीस, ती पुसताना जीव थोडा थोडा झाला तरी पुसली. परंतु रविवारी जेवताना तू हसत म्हणालीस, “बाबा, कुणा अडाण्याने ठोकलंय हो ते? चौकोनी ठिगळ लावतं का कुणी?” मी भात अर्धा टाकून उठलो. माझे पोट बिघडले असे तुला वाटले.

तुझे म्हणणे खरे आहे. ठिगळाचे कोपरे गोल हवेत, कारण टोकदार कोपऱ्यातून पत्र्याला तडा जातो. तू हे पुस्तकात वाचलेस. आम्हां पोरांना हवाई दलातल्या आमच्या उस्तादांनी टपल्या मारून शिकवले. लढाईच्या पाचव्या दिवशी हे विमान पंखाला भोक घेऊन उतरले आणि तासाभरात ते पुन्हा सोडायचे होते. चांगला पत्रा संपला होता. तुटलेल्या दुसऱ्या विमानाच्या दरवाजातून तुकडा कापला, कोपरे गोल करण्यास वेळ घेतला नाही, रिव्हेट ठोकले आणि विमान गेले. परतले तेव्हा एका कोपऱ्यातून वीतभर तडा धावला होता. वैमानिक खाली उतरला आणि चाकाला टेकून ओकला.

चौकशीत साहेबांनी विचारले, हे कोणी कापले? उस्ताद माझ्या पुढे येऊन उभे राहिले. “मी कापलं. ह्याच्या हातात कात्रीसुद्धा नव्हती.” मग बाहेर येऊन त्यांनी तड्याच्या टोकाशी गिरमिटाने एक बारीक भोक पाडले. असे भोक पाडले की तडा तेथेच थांबतो. चोपन्न वर्षे झाली, तो केसभरही पुढे सरकलेला नाही. आज सकाळी भिंग लावून पाहिले.

ठमे, तो अडाणी मी. उस्ताद बडतर्फ झाले आणि मी मुकाट राहून पुढे फोरमन झालो. मी भ्यालो होतो. याहून सभ्य कारण माझ्यापाशी नाही. दप्तरात अजून त्यांचाच दोष नोंदलेला आहे आणि तुझा नवा पत्रा बसला की त्यांच्या हातचे ते भोकही जाईल. म्हणून हे पत्र खासगी समजू नये. हा माझा जबाब आहे. तो मोठ्या अक्षरांत छापून ठिगळाखाली लावावा, माझे नाव पूर्ण घालावे आणि शनिवारी येणाऱ्यांना खुशाल हसू द्यावे. हे मान्य नसल्यास मला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवण्याचा तुला अधिकार आहे. मी पायी परत येईन.

तुझाच,
बाबा

समक्ष हजर: रंगारी, ज्याने यंत्राची नळी गुंडाळून ठेवली आहे, पहारेकरी, जो मला हटवण्यास आला आणि स्वतःची खुर्ची घेऊन बसला, आणि उस्तादांची थोरली लेक, वय बासष्ट, जिला मी आज निरोप धाडून बोलावले. तिने हे सर्व वाचून घेतले. मी आधी ‘उस्तादांची नोकरी सुटली’ असे लिहिले होते. तिने ते खोडून ‘बडतर्फ’ लिहावयास लावले आणि मग सही केली.