झाडांच्या शहरात दिवे नकोत

ती. शरणक्का,
तुझ्या धाकट्या भावाचा पुण्याहून नमस्कार.

सकाळपासून आपल्या आईच्या, अव्वाच्या बांगड्यांचा आवाज कानात घुमतोय. दिवेलागणीला मी कढीपत्ता तोडायला गेलो की ती हात धरायची. "सिद्दू, झाडं निजलीत, उठवू नको."

मी ठणठणीत आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे?

नात मंजुश्री मोबाइलवरच्या खेळांसाठी चित्रं काढते, हे तुला ठाऊकच आहे. सध्या झाडांसारख्या माणसांचं शहर काढायलीय. तिच्या कंपनीतल्या साहेबांना ते रात्री लखलखतं हवं होतं, पानापानाला दिवे. मी म्हणालो, "पोरी, झाडं निजतात. त्यांची घरंसुद्धा चिंचेसारखी सांजेला पानं मिटून घेतील." तिनं तसंच काढलं. मिटलेली घरं, काळोखे रस्ते, वर नुसत्या चांदण्या. आक्का, शाळेतल्या कवितेसारखं एकदा पाहिलं की पाठ होतं.

साहेब म्हणाले, "अंधार कोण बघतं? सोमवारपर्यंत दिवे लाव, नाहीतर दुसरं कुणी काढेल." पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. मी तिला बजावलं, "एक दिवा लावायचा न्हाई. चाळीस वर्षं फळ्यापुढं उभा होतो, चुकीला कधी बरोबर म्हटलं न्हाई."

नोकरी गेली तर जाऊ दे. निलंग्यात आपली भाकर आहे. पोरीच्या आईला, सूनबाईला मात्र एवढ्यात काही सांगू नको.

थांब, बेल वाजली.

दारात साहेबच उभे आहेत, हातात तिचं बिनदिव्याचं चित्र. मला विचारतात, "आजोबा, ही माणसं सकाळी उठतात कशी?"

त्यांना आत बसवतो.

तुझा,
सिद्धेश्वर