बासच्या आमिषाची तर्कशुद्ध निवड

२ मार्च

प्रिय पत्नीस,

तू गेल्यानंतर ही वही प्रथमच उघडत आहे. शोक व्यक्त करण्याचा हेतू नाही. ते काम नातेवाइकांनी यथास्थित पार पाडले आहे. कळवण्याजोगी बाब एवढीच की, तळ्याकाठच्या आपल्या लाकडी खोलीसंबंधी क्लबच्या सचिवबाईंचा फोन आला होता. खोली तुझ्या नावावर आहे, कारण सभासद तू होतीस. मासे तू पकडत होतीस. मार्गदर्शन माझे असे, परंतु क्लबच्या नियमांत मार्गदर्शकाची दखल घेतलेली नाही.

नियम असा : सभासदाच्या पश्चात जोडीदाराला खोली राखता येते, मात्र हंगाम संपण्यापूर्वी, म्हणजे ३१ मेपर्यंत, त्याने बास जातीचा एक मासा स्वतः गळाला लावून सचिवबाईंच्या देखत पट्टीवर मोजून दाखवला पाहिजे. लांबी किमान एक फूट. तसे न झाल्यास खोली दुसऱ्याला.

एक मासा. मी उभा जन्म तर्कशास्त्र शिकवले आहे. मासा ते शिकलेला नाही. निकाल स्पष्ट आहे.

घरातले तुझे कपाट मुलीने आवरून टाकले. खोलीत मात्र टोपी खिळ्यावर आहे आणि खुर्ची तू सरकवलीस तशीच तिरकी. ती तिरकीच राहावी, असे माझे मत आहे.

५ मार्च

गळांच्या दुकानात गेलो. तुझी जुनी काठी वापरणे शास्त्रीय ठरणार नाही. ती तुझ्या हाताच्या सवयीची आहे. शिवाय ती भिंतीवर जिथे आहे, तिथे बरी आहे.

दुकानदार फार प्रश्न विचारतो. पाणी नितळ की गढूळ, झुडपे किती, किनाऱ्यावरून टाकणार की होडीतून. मी सांगितले की मी प्रश्न घेऊन नव्हे, निष्कर्ष घेऊन आलो आहे. तेव्हा तो म्हणाला, मग साहेब, सगळंच घ्या. सल्ला पटण्याजोगा होता. दोन रॉड घेतले, एक ताठ, एक लवचिक. तरंगणारा रबरी बेडूक, डुबकी मारणारा लाकडी मासा, गरगरणारी पितळी पाती आणि दुकानात होत्या तेवढ्या सर्व रंगांच्या रबरी अळ्या. नवशिक्याने साधे रीळ घ्यावे, असे त्याने सुचवले. मी आडवे फिरणारे रीळ घेतले. निष्णात लोक तेच वापरतात.

दुकानदार दारापर्यंत पोचवायला आला. जाणकार गिऱ्हाइकाचा मान राखणारी माणसे अजून आहेत.

११ मार्च

पहिला प्रयत्न. आमिष पायाशी पडले. दोर मात्र रिळातून उसळून असा काही गुंतला की रीळ दिसेना.

शेजारच्या खोलीत एक दंतवैद्य बाई आहेत. तुला ताई म्हणत, तुझ्याबरोबर धक्क्यावर बसत, त्याच. पेशाचा चिमटा घेऊन त्या गुंता सोडवायला आल्या. म्हणाल्या, सर, दोर सुटत असताना रिळावर अंगठा ठेवायचा असतो. मी म्हणालो, त्याची मला सैद्धांतिक कल्पना आहे. त्या म्हणाल्या, मग ती अंगठ्यालाही द्या.

स्वभावाने बऱ्या आहेत, पण बोलण्यात शिस्त नाही.

१९ मार्च, मंगळवार

तुझ्या यशाचे विश्लेषण पूर्ण झाले. मला नीट आठवते की, तुला मोठे मासे मंगळवारी आणि गुरुवारी मिळत. शनिवार-रविवारी, मी शेजारी बसून मासेमारीवरील ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवत असे, तेव्हा क्वचितच. मंगळवारी आणि गुरुवारी मला कॉलेजात जादा तास असल्याने तो प्रकार प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र आला नाही.

निष्कर्ष उघड आहे. बास मंगळवारी आणि गुरुवारी भुकेला असतो.

हा सिद्धांत दंतवैद्य बाईंना सांगितला. त्यांना बराच वेळ खोकला आला. तळ्याकाठची हवा दमट आहे.

२६ मार्च, मंगळवार

काही नाही. रंग चुकला असावा. ग्रंथाचे तिसरे प्रकरण धक्क्यावर उभे राहून मोठ्याने वाचले, म्हणजे चूक पुन्हा होणार नाही.

४ एप्रिल, गुरुवार

आज तंत्र बदलले. रबरी अळीच्या पोटात गळाचा काटा लपवायचा आणि ती तळाशी हळूहळू ओढायची. काटा बाहेर राहिला तर पाणवनस्पतीत अडकतो. ग्रंथात लिहिले आहे, काटा लपवावा. मी लपवला. काम अर्धवट सोडण्याची मला सवय नसल्याने वरून डिंकही लावला.

तीनदा ओढ जाणवली! तीनही वेळा माशाने अळी चावली, विचार केला आणि सोडून दिली. अळीवर दातांच्या खुणाही नाहीत, केवळ ओशाळलेपण. दंतवैद्य बाईंनी ती हातात घेऊन दाबून पाहिली. म्हणाल्या, अहो सर, काटा झुडपापासून लपवायचा असतो, माशापासून नाही.

ग्रंथकाराने हा भेद स्पष्ट करायला हवा होता. प्रकाशकाला कळवणार आहे.

१२ एप्रिल

सर्व रबरी अळ्या पाकिटांतून काढून, रंगाच्या क्रमाने एका पारदर्शक पेटीत लावल्या होत्या. आज पेटी उघडली. अळ्या विरघळून एकजीव झाल्या आहेत. रंग : करडा.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, साहेब, वेगवेगळ्या जातीच्या अळ्या एकत्र ठेवल्या की वितळतात, पाकिटावर लिहिलं होतं की. पाकिटे मी त्याच दिवशी टाकून दिली होती. त्यांवरील शुद्धलेखन वाचवत नव्हते.

नव्या घेतल्या. तो आता मला नुसत्या आवाजावरून ओळखतो.

२१ एप्रिल, रविवार

मुलगी आली होती. तुझ्या खुर्चीत बसू लागली, वेळीच थांबवले. चहा उभ्यानेच घेतला.

म्हणाली, बाबा, तुम्हाला मासे आवडत नाहीत, पाणी आवडत नाही, ऊन सोसत नाही. मग हे चाललंय काय? मी खोलीच्या वाटपाचा नियम समजावून सांगितला. म्हणाली, नियम राहू द्या हो, तुम्ही आतून कडी लावून बसता ते सांगा. दंतवैद्य बाईंनी चहाडी केलेली दिसते. कडी मी वाऱ्यामुळे लावतो.

टोपी घरी नेते, असेही म्हणाली. मी सांगितले की, वस्तूला तिच्या संदर्भातच अर्थ असतो. त्यावर म्हणाली, मग मी काय, बाबा? मी पण आईचीच आहे. मला बघायला कधी येणार?

प्रश्न मूळ मुद्द्याला धरून नव्हता. तिला तसे सांगितले. कप धुऊन ठेवला आणि गेली. तिच्या धक्क्याने खुर्ची किंचित हलली होती. बऱ्याच प्रयत्नांती पूर्ववत केली. खात्री नाही.

७ मे, मंगळवार

रबरी बेडूक झाडात अडकला. दुसरा रबरी बेडूक पहिल्याला सोडवताना अडकला. तिसरा खरेदी केलेला नाही.

दंतवैद्य बाईंनी स्वतःचा एक मासा देऊ केला. म्हणाल्या, न्या सर, मोजून दाखवा, मी तोंड उघडणार नाही. मी नकार दिला. फसवणुकीच्या जागेत मी बसू शकणार नाही. मग सहज म्हणाल्या, ताई सांगायच्या, मंगळवारी काय शांत असतं हो तळं! मी म्हणालो, पाहा, माझ्या सिद्धांताला बाहेरून पुष्टी मिळाली.

पुन्हा खोकला. त्यांनी प्रकृतीकडे लक्ष द्यावे.

१६ मे, गुरुवार

काही नाही. पितळी पाती स्वतःच्याच बाहीत अडकली. पाती उत्तम आहे, बाही निकृष्ट.

सचिवबाईंचा फोन. मे संपत आला, सर. मी म्हणालो, मासा जवळजवळ निश्चित आहे. त्यांनी विचारले, कुठला? मी म्हणालो, अजून तो भेटलेला नाही.

२३ मे, गुरुवार

भेटला!

आपल्याच धक्क्याखाली, गुडघाभर पाण्यात, तळाची एक गोल जागा कोणी झाडून काढल्यासारखी स्वच्छ आहे आणि तिच्यावर एक बास उभा आहे. हलत नाही. फुटाहून खासा मोठा.

दंतवैद्य बाई पालथ्या पडून पाहू लागल्या. म्हणाल्या, नर आहे. मादी अंडी घालून गेली, आता हा एकटाच राखण करतो. खात नाही काही. पण जवळ काही आलं की चावतो, सर, कशालाही. छत्री घाला, तिलाही चावेल. पडताळणीसाठी छत्री घातली. चावला. प्रयोग यशस्वी.

पुढे म्हणाल्या, मोजून लगेच त्याच जागी सोडायचा मात्र. नाहीतर बारके मासे टपलेलेच असतात अंड्यांवर. आणि पिल्लं हिंडायला लागली की हा पण निघून जातो. नाही गेला, तिथेच घुटमळत बसला, तर शेवटी आपल्याच पिल्लांना खायला उठतो.

उपयुक्त माहिती.

२८ मे, मंगळवार

जो मासा छत्री चावतो त्याला कोणतेही आमिष चालेल, असे दंतवैद्य बाईंचे मत. हा आळस झाला. मी पाच दिवस सर्व आमिषांचा तुलनात्मक विचार केला आणि अखेर करड्या गोळ्यातून कापलेला एक तुकडा निवडला. सचिवबाईंना परवा अकरा वाजता पट्टीसह बोलावले आहे. क्लबचे ऑफिस समोरच्या काठावर असल्याने त्या होडीने येतील.

मुलीला कळवले की खोली वाचली. ती म्हणाली, बरं बाबा.

तो अजून तिथेच आहे. दुपारभर पाहिले. पाठीवर एक जखम आहे, कल्ल्यांजवळ. खाल्लेले काही दिसले नाही.

३० मे, गुरुवार

सचिवबाईंची होडी निघालेली पाहून आमिष हातानेच खाली सोडले. त्याने तत्काळ पकडले. ओढले. हातजाळीत घेतले. अशा रीतीने, मी बास पकडला. काटा ओठात अलगद बसला होता, सहज निघाला.

सचिवबाईंचा खांदा दुखरा आहे. होडी अर्ध्या वाटेवर. तेवढ्यात चहूबाजूंनी बारके मासे त्या गोल जागेत घुसले. त्यांची एकंदर वर्तणूक असभ्य होती. छत्रीने हाकलले. छत्रीला फक्त बास गांभीर्याने घेतो. सचिवबाईंना हात केला. त्यांनीही हात केला आणि थांबून खांदा चोळला.

मासा माझ्या हातांत होता. थंड, जड. तोंड उघडमीट करत होता, आणि डोळा माझ्याकडे नव्हता, खाली पाण्याकडे होता.

मी त्याचे नीट निरीक्षण केले. माझ्या मते तो फुटाला कमी पडत होता. नियमात न बसणारा मासा अडकवून ठेवणे योग्य नव्हे. सबब पाण्यात सोडला. तो सरळ आपल्या जागी गेला. बारके पांगले.

सचिवबाई आल्या. कुठाय मासा? म्हणालो, लांबीत बसला नाही. म्हणाल्या, अहो सर, पट्टी तर माझ्याकडे आहे, तुम्ही मोजलात कशाने? म्हणालो, नजरेने. म्हणाल्या, मला होडीतून शेपटी जाळीबाहेर दिसत होती. म्हणालो, पाण्यावर प्रकाशाचे वक्रीभवन होते. म्हणाल्या, मासा हवेत होता, सर.

मग म्हणाल्या, उद्याचा दिवस आहे अजून. आहे तिथेच तो, बघा.

मी म्हणालो, उद्या मला वेळ नाही.

दंतवैद्य बाई धक्क्यावर उभ्या होत्या. त्यांना खोकला आला नाही.

३१ मे

सकाळी मुलीला फोन करून बोलावले. काय न्यायचे, ते तिने ठरवले. मी सूचना दिल्या नाहीत. रॉड, रिळे, अळ्या दुकानदार परत घेत नाही, फोनवर फार हसतो. सर्व काही दंतवैद्य बाईंना दिले. त्यांनी अळ्या नाकारल्या.

घरी जाताना आधी मुलीकडे जेवायचे ठरले आहे.

सचिवबाई म्हणाल्या, अहो, या खोलीसाठी रांगेत कोणीच नाही. नुसतं विचारलं असतंत तर वर्षभर वाढवून दिली असती. तुम्ही आपले काठ्या घेऊन उभे. मग हळू आवाजात म्हणाल्या, ठेवायची का अजून? ठेवा की.

मुलगी गाडीपाशी थांबली होती.

मी नको म्हणालो.

खिडक्या लावल्या. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या सचिवबाईंच्या हातात परत दिल्या.