दुसऱ्यांदा गूळ-खोबरं

वालूर, बुधवार, दिवेलागणीची वेळ

काल जावेची पोरगी पालथी पडली. माझ्या सोन्याहून बारा दिवसांनी लहान, तरी आधी! सासूबाईंनी घरभर गूळ-खोबरं वाटलं. माझ्या तोंडात तो घास नुसता फिरत राहिला.

आज सकाळी कुणी नाही बघून मी सोन्याला हातानंच पालथं केलं अन् ओरडले, "बघा की वो, पालथा पडला!" पुन्हा गूळ-खोबरं. जावेनं तर त्याची दृष्ट काढली. म्हणाली, "लय गुणाचं हाय गं लेकरू." मला तिच्याकडं बघवेना.

अन् आत्ता, मी लंगोटांच्या घड्या घालत होते, तर पठ्ठ्या आपला आपण पालथा पडला. मान उचलून हसला. हाक ओठावर आली होती, गिळली. कुणाला सांगू? गूळ तर सकाळीच वाटून झाला.