कृपानगरला काय म्हणायचं

प्रिय एडविन,

फोनवर तू नेहमी मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हे पत्र. पत्राला मीटिंग सांगता येत नाही. फार तर ते टेबलावर पडून राहील आणि येताजाता तुझ्याकडे बघेल. सलाम, नमस्कार आणि आशीर्वाद यांतलं तुला जे सोसेल ते घे. मी तुझ्याहून काही महिन्यांनीच मोठा आहे हे खरं, पण इकडे सगळे 'सर सर' करतात, त्यामुळे आशीर्वादाची खोड लागली आहे.

इकडची बातमी म्हणजे ऊन. पोरं संस्कृत घेतात ती गुणांसाठी, पण यंदा 'निदाघ' या शब्दाचा अर्थ एकालाही सांगावा लागला नाही. ओढ्याच्या अलीकडे माझ्या स्लॅबच्या घरात मी पंख्याखाली उत्तरपत्रिका तपासत बसतो, आणि पलीकडे तुमचं कृपानगर पत्र्याखाली शिजत असतं. गोणपाटं भिजवून पत्र्यावर टाकतात. ती वाळेपर्यंतच गारवा, आणि भिजवायला पाणी दिवसाआड. तू नाताळात येतोस. नाताळात पत्रा अगदी निरुपद्रवी असतो. वर कागदाची चांदणी टांगली की देखणाही दिसतो. मे महिन्यातला पत्रा तू शेवटचा कधी पाहिलास, आठव.

राहीबाई गेली. तुझ्या आईच्या शेजारची, विड्या वळणारी. विड्या वळताना पंखा लावता येत नाही, तंबाखू उडते. एप्रिलातल्या भर दुपारी ती मांडीवर सूप घेऊन भिंतीला टेकली, ती टेकलेलीच राहिली. तिच्या सुनेला, ज्योतीला, वाटलं की डुलकी लागली असेल. दाखल्यावर लिहिलंय, 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू'. म्हणजे मेल्यामुळे मेली. न्यायशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात. आपल्याकडे दाखला म्हणतात. 'ऊन' हा शब्द त्यात कुठेही नाही, त्यामुळे उन्हाने या शहरात अजून कोणी मेलेलं नाही.

आता सरकारी निधीची गोष्ट. तो खरोखर आला आहे. मला आधी खोटं वाटलं होतं. उन्हापावसाशी टक्कर देणं ज्यांना परवडत नाही अशा वस्त्यांसाठी. पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा लेप, ओढ्याला पक्का काठ म्हणजे भाद्रपदात पाणी चुलीपर्यंत येणार नाही, थोडी झाडं, आणि दुपारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसायला एक गार खोली. योजनेच्या मराठीत या सगळ्याला 'हवामान लवचिकता' म्हणतात. चर्चच्या ओसरीवर सभा भरली, तेव्हा कागद समजावून सांगायला मला बोलावलं. ज्योतीने विचारलं, 'लवचिक म्हंजी काय ओ सर?' मी म्हटलं, वाकतं पण मोडत नाही ते. ती म्हणाली, 'मंग आमी हायच की. पत्रा इतका खाली हाय, वाकल्याबिगर आत जाताच येत न्हाई.' सभा हसली. ज्योती हसली नाही. तिच्या सासूला जाऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

योजनेची अभियंता भार्गवी नावाची एक तरुण मुलगी आहे. इतकी सज्जन की या खात्यात किती टिकेल कोण जाणे. तिने सरळ सांगितलं की निधी मिळतो तो 'घोषित झोपडपट्टी'ला, आणि कृपानगर दप्तरात 'वसाहत' आहे. बरं, वसाहत म्हणून मागावं तर मंजूर नकाशा लागतो, तो आपल्याकडे कधीच नव्हता. थोडक्यात आपण नञ् तत्पुरुष आहोत, एडविन: अनधिकृत, अघोषित, अपात्र. विग्रह कसाही करा, हाती 'नाही' येतं. तरी त्या मुलीने वाट काढली. प्रत्येक घराने 'आम्ही झोपडपट्टीत राहतो' असं लिहून सही करायची, म्हणजे यादी बंद व्हायच्या आत ती कृपानगरचं नाव घालेल. यादी येत्या शनिवारी बंद होते. नाहीतर हाच पैसा नदीकाठच्या जॉगिंग ट्रॅकला जाईल, तिथे पहाटे चालणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून.

हा 'वसाहत' शब्द कुणाचा ते मी तुला सांगायला नको. तुझे वडील, आमचे शांतवनकाका, डेपोत फिटर, हातात कायम ग्रीस. पण आपण शाळेत असताना वस्तीची मोजणी झाली, त्या दिवशी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन ते मोजणीवाल्या साहेबासमोर उभे राहिले. तो 'झोपडपट्टी' लिहीत होता. काकांनी त्याला आधी चहा पाजला आणि मग म्हणाले, 'साहेब, खोडा ते. वसाहत लिहा. व-सा-ह-त.' आपण दोघं दारात उभे होतो. मला तेव्हा वाटलं होतं, एवढ्या एका शब्दासाठी कशाला हा खटाटोप. पण तुझ्या मोनिकाताईची दोन स्थळं पत्ता ऐकून परत गेली होती, आणि शब्द बदलल्यावर तिसरं टिकलं. त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत गोड वाटलं होतं. कृपानगरने सरकारकडून मिळवलेली ती पहिली आणि अजून तरी शेवटची गोष्ट.

म्हणून तुझी आई, आमच्या मेरीमावशी, सही करत नाहीत. आणि मावशी करत नाहीत म्हणून कोणीच करत नाही. निम्मी वस्ती त्यांच्या बालवाडीत अक्षरं गिरवून मोठी झाली; बाई पाटीला हात लावत नाहीत तोवर यांची बोटं उठत नाहीत. ज्योती एकटी पेन घेऊन पुढे आली होती. मावशींनी तिच्याकडे फक्त बघितलं. ती रडत घरी गेली.

मी उपाय केले. सामाने सुरुवात केली. म्हटलं, मावशी, झोपडीत कमीपणा कसला, प्रभू रामचंद्र पर्णकुटीत राहिले. त्या म्हणाल्या, 'नरसू, तुझ्या रामाचं लग्न आधी झालं होतं, मग तो झोपडीत गेला. आमच्या पोरींचं उलटं असतं.' सगळं शास्त्र कोळून प्यायलेल्या आमच्या घराण्यात हा श्लोक तेवढा राहून गेला. मग दान. माझी माडीवरची खोली देऊ केली. म्हणाल्या, जिना चढवत नाही. डोंगरात तुमची मावसबहीण राहते, तिथे हवा गार आहे, सुट्टीभर जाऊन या म्हटलं, तर म्हणाल्या, 'मी गेले की तुम्ही सगळ्यांच्या सह्या घ्याल.' मग भेद. पाळकसाहेबांना गाठलं, रविवारी नम्रतेवर बोला म्हणून विनवलं. ते बोलले. मावशींनी उपासना संपल्यावर त्यांना वचनाचा अध्याय चुकल्याचं सांगितलं.

इथपर्यंत मी हसत होतो. गेल्या गुरुवारी दुपारी मावशी नळावर पडल्या. अंग चटका बसेल इतकं तापलेलं, घाम नाही, आणि मला 'शांतवन' म्हणून हाक मारत होत्या. ज्योतीने हंडाभर पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, ते दिवसाआड येणाऱ्या पाण्यातलं. आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात घातलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि बजावलं की पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणायचे कष्ट घेऊ नका. हे तुला कळवायचं नाही अशी मावशींची शपथ आहे. ती मी या ओळीने मोडतो आहे. आणखी एक मोडायची आहे.

दवाखान्यातून त्यांना मी माझ्याकडे आणलं. पंख्याखाली पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, 'सह्या झाल्या की गल्लीच्या तोंडाशी पाटी लागते ना रे? मोठ्या अक्षरात?' मी म्हटलं, लागते. योजनेचं नाव, वस्तीचं नाव आणि तो शब्द. त्यावर त्या म्हणाल्या, 'मग यंदा नको. पुढच्या वर्षी बघू.' पुढच्या वर्षी निधी नसेल हे मी सांगितलं. पुढच्या वर्षी तुम्ही असाल का, हे विचारायला जीभ उचलली नाही. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, 'एंजलच्या सासरचे यायचेत सुट्टीत, आजीला बघायला.'

तुझ्या लेकीचं, एंजलचं, लग्न ठरलं हे मला असं कळलं, गड्या. पेढे मी मागणार नाही. माणसं मोठी आहेत, पुण्यात दोन मजली बंगला आहे, मुलगा परदेशी जायचा आहे, हे सगळं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग म्हणाल्या, 'एडविनने त्यांना सांगितलंय, आई कृपानगर सोसायटीत राहते. चांगलं मोठं घर आहे.' तक्रारीचा सूर नव्हता रे. तुझ्या पोरवयातली एखादी खोडी झाकावी तसं त्यांनी ते सांगितलं. मी इतके दिवस समजत होतो की त्या काकांचा शब्द राखताहेत. त्या तुझा राखताहेत. त्यासाठी अख्खी गल्ली पत्र्याखाली भाजू देताहेत, आणि सगळ्यांत आधी स्वतःला. कालपासून त्या पुन्हा त्याच घरात आहेत. माझ्याकडे राहिल्या तर लोक विचारतील, असं म्हणाल्या.

तुला दोष द्यायला हे पत्र लिहीत नाही. त्या शब्दाने तुमच्या घरचं काय काय परत पाठवलं ते मी पाहिलं आहे. तू तो गिळलास यात नवल नाही. पण शनिवार जवळ आला आहे आणि माझी बुद्धी संपली. तू व्याह्यांकडे जा, त्यांना खरं काय ते सांग, आणि मग आईला फोन कर. पैसे पाठवतो म्हणू नकोस, कूलर पाठवतो म्हणू नकोस. एवढंच म्हण की, 'आई, मी झोपडपट्टीत वाढलो हे मी त्यांना सांगितलं.' पुढचं त्या बघतील. त्यांची सही झाली की तासाभरात गल्लीची होईल. स्थळ मोडेल का? मोडेलही, मी खोटा धीर देणार नाही. पण मावशींना आणखी एक दुपार तशी सोसणार नाही, आणि हे वाक्य मी त्यांना तुझ्या वतीने सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. मला सगळ्या विभक्ती पाठ आहेत, एडविन, तरी हे वाक्य माझ्या तोंडी बसत नाही. त्यात कर्ता तूच लागतोस.

तुझाच,
नृसिंह