बिनअडथळ्याची छाती

प्रकाशा, गुरुवार

आदरणीय साडू गिरधरआप्पा यांना भरतचा नमस्कार. तुमची प्रकृती आणि तुमच्या छातीतल्या दोन्ही स्प्रिंगा (डॉक्टर स्टेंट म्हणतात, मला दोन्ही शब्द ठाऊक आहेत) ठणठणीत असतील. ताईंच्या गुडघ्यांची विचारपूस केली म्हणून सांगा.

माझं विचाराल तर माझ्या दुखण्याला गॅसच्या वर बढती मिळेना. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायला, म्हणजे नवी तार गुंडाळायला, मी कोणाच्या हाताखाली न राहता शिकलो, त्यामुळे दोष नेमका सांगायची सवय. विहिरीतून अख्खी मोटार ओढून काढताना मला काही होत नाही. पहाटे खाटेवर स्वस्थ पडलो की छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं, जबडा धरतो, घाम सुटतो आणि थोड्या वेळात सगळं गायब. बेबीबाई म्हणते, "बसनात का दुखस, कामले लागनात का थांबस! असा कसा हो तुमना रोग?" (बायको माझी, तर्क तिच्या भावांचा.)

नंदुरबारला अँजिओग्राफी केली. नळ्या स्वच्छ! भेटायला आलेल्यांचे चेहरे असे उतरले, की शहाळी परत न्यायचीच बाकी होती. डॉक्टर म्हणाले, आत साचलेलं काही नाही. पायात गोळा येतो तसा रक्तवाहिनीलाच पेटका येतो, ती आवळते, मग आपोआप सुटते. बहुधा आरामात असतानाच. पण जीवही जाऊ शकतो. विडी बंद, जिभेखाली गोळी, आणि तरी थांबलं नाही तर दुखत असतानाच दवाखाना गाठायचा, तेव्हाच ईसीजीत सापडतं.

परवा पहाटे गोळीनेही थांबेना. शेजारच्या पुतण्याला, भाग्येशला, हाका मारल्या; गाडी त्याची. खिडकीतूनच म्हणाला, "काका, गॅस शे. सोडा पी ल्या नि झोपी जा." मी ओट्यावर छाती धरून बसलो. साहेबांनी गाडी काढली तेव्हा उजाडलं होतं. पोचलो तेव्हा दुखणं गेलेलं, ईसीजी नॉर्मल. येताना तो सारी वाट पेट्रोलच्या भावावर बोलला.

तुम्हाला मात्र इकडे आल्यावर नुसती ढेकर आली तरी तो गाडी चालू करून उभा असतो. कारण तुमच्या अँजिओग्राफीची सीडी दिवाळीत अख्ख्या घराण्याने टीव्हीवर पाहिली; नळी अरुंद दिसली तेव्हा बायका हळहळल्या. मग माझीही लावली. भाग्येश म्हणाला, "काका, हाई तं नवी पाइपलाइन शे!" सगळे हसले. बेबीबाईसुद्धा.

आपला,
भरत

ता. क. तुमची ती सीडी पाठवा. नाव मी पुसून घेईन. खोटं मला खपत नाही, हे तुम्ही जाणता. पण खरं दाखवून झालं.

पुन्हा ता. क. त्यातला एक अडथळा गाळता येतो का, बघा. दोन पाहिले तर बेबीबाई रडेल, आणि मला ते स्वस्थ बसून पाहावं लागेल. स्वस्थ बसलं की काय होतं, ते वर लिहिलंच आहे.