सगळ्या घराची ऊब

डनेडिन, ३ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा शेजारी टामा काल इकडे आला होता. सांगत होता, हीट पंपाचं बाहेरचं यंत्र दिवसभर घरघरतं, तरी या ऐन हिवाळ्यात तू स्वयंपाकघरात लोकरीची टोपी घालून खोकत बसतेस. तो सगळं घर ऊबदार ठेवायला बसवलाय, आई. खरं सांग, खोल्यांची दारं बंद ठेवतेस ना? डॉक्टर म्हणालेत, छाती पुन्हा भरली तर एकटीनं राहणं संपलं. ब्रूसदादानं वृद्धाश्रमात तुझं नावही घातलंय.

तुझी,
ग्रिअर

रॅनफर्ली, ८ जुलै

चि. ग्रिअर हिस,
अ. उ. आ.

ठेवते बंद. रिकाम्या खोल्या तापवायला मी काय राणी आहे? थंडी वाजली तर स्वेटर घालावा, असं तुझे बाबा म्हणायचे. निजताना यंत्रही बंद करते. झोपलेल्या माणसाला पांघरूण पुरतं. सकाळी लावलं की ते मेलं दुपारपर्यंत नुसतं धापा टाकतं. ब्रूसला म्हणावं, वृद्धाश्रमात तूच जाऊन राहा.

माया आहेच, उपदेश आवर.
तुझी आई

डनेडिन, १२ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या त्या स्वेटरात सगळा देश कुडकुडला. भिंतींना बुरशी आली, पोरांना दमा जडला, आणि आपण त्याला कणखरपणा म्हणत राहिलो. पंप म्हणजे शेगडी नव्हे, पेटवली की भडकणारी. तो बाहेरच्या हवेतली ऊब थोडी थोडी आत ओढतो. रात्रभर गारठलेलं घर एका दमात तापवायला लावलंस, तर धापा टाकणारच, वीजही जास्त खाणार. दारं उघड, यंत्र चालू राहू दे. तुझं घर तुझ्याकडून कुणी घेणार नाही.

तुझी,
ग्रिअर

रॅनफर्ली, ९ ऑगस्ट

चि. ग्रिअर हिस,
अ. उ. आ.

दारं उघडी ठेवायचं ठरवलं खरं, पण हात ऐकेना. खोलीतून निघाले की मागे दार लोटलंच. शेवटी टामाला बोलावून दारं बिजागऱ्यांवरून उतरवली. न्हाणीघराचं तेवढं ठेवलं, टामा येतो-जातो म्हणून. यंत्र आता कुजबुजतं. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. कशानं, ते विचारत होते. तुझं नाव घेतलं नाही, डोक्यावर बसशील. वृद्धाश्रमाला मीच कळवलं, खोली गरजवंताला द्या. ब्रूस रुसलाय, येईल ताळ्यावर.

तू लग्न होऊन गेल्यापासून तुझ्या खोलीत मी हिवाळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. काल तिथे विणत बसले, अनवाणी.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी आई