कवळीचा वार

मंगळवार, संध्याकाळ

आज मी सुनंदाला चावलो. होय, चावलोच! लकव्याने पडून असलेली माझी बायको मालू पेज गिळेना, म्हणून एजन्सीकडून सांभाळायला ठेवलेल्या ह्या बाईने तिच्या थोबाडीत मारली. माझ्यादेखत! शाळेत वीररसाच्या कविता घोकल्या. पण तलवार कुठली? तोंडात कवळी होती.

तेवढ्यात सेवा कशी चाललीय ते बघायला सातपूरहून एजन्सीच्या मॅडम आल्या. त्यांना सुनंदाच्या मनगटावरचं रक्तच दिसलं.

"आजोबा, असं करतात का?"

"हिनं मालूला मारलं. गाल बघा तिचा."

"बाबांना भास होतात, मॅडम," सुनंदा म्हणाली.

मालूला बोलता येत नाही. मॅडमनी गाल पाहिलाच नाही. कसली ही तपासणी?

उद्याही सुनंदाच येणार म्हणे. येऊ दे. आज कवळी पाण्यात ठेवणार नाही.